इलेक्ट्रिक मँडोलिनला पेडलं लावायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुटकी_तार · शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

भांडुपला राहतो. शाळेत असल्यापासून मँडोलिन वाजवतो, पण ते साधं, आठ तारांचं, बाबांच्या मित्राने दिलेलं. मागच्या दिवाळीत एका दोस्ताकडून जुनं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे: कीबोर्ड, बास, ऑक्टोपॅड, एक गायिका आणि मी. जुनी हिंदी-मराठी गाणी करतो, तरुण पब्लिक असेल तर थोडं रॉक. यंदा गणपतीत दोन कार्यक्रम ठरलेत.

तक्रारी तीन. आवाज टोचतो, आमची गायिका म्हणते, "तू सोलो घेतोस तेव्हा कानात सुई जाते." सूर टिकत नाही, ठण्‌ करून वाजला की संपला. आणि अ‍ॅम्प लावला की मागे सतत घूंऽऽ.

एका गिटारवाल्या मित्राचं ऐकून हिरवं ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, खरखरीत करणारं, पायाने दाबायचं पेडल) घेतलं. तो गिटारवर वाजवतो तेव्हा लोणी. मी मँडोलिन लावलं की बाटलीत अडकलेली माशी.

आता कोरस, डिले, रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, वाह अशी यादी केली आहे. खिशात १५,००० आहेत. आधी काय घेऊ?

---

गिरगावचा_बाप्या · शनिवार, रात्री ११:४१

मालक, तारा चार की आठ? पिकअप (तारेचा आवाज अ‍ॅम्पकडे नेणारा भाग) मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाचा, की पिझो, म्हणजे लाकडाची थरथर पकडणारा? हे न सांगता सल्ला मागणं म्हणजे पत्रिका न दाखवता मुहूर्त विचारणं.

---

कढीपत्ता · शनिवार, रात्री ११:५८

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. लेकाने गिटारसाठी असलीच यादी माझ्या हातात ठेवली आहे.

---

तुटकी_तार · रविवार, सकाळी ९:०५

@बाप्या, चुकलंच. इलेक्ट्रिकला चार एकेरी तारा, लाकूड भरीव, ब्रिजजवळ एक सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा मॅग्नेटिक पिकअप. जुन्या आठ तारीला चिकटवायचा पिझो आहे, तोही कधीतरी वापरायचा विचार आहे.

---

खरज · रविवार, सकाळी ११:३०

चार एकेरी तारा म्हणजे निम्मं काम झालं. फेंडरने १९५६ साली इलेक्ट्रिक मँडोलिन काढलं तेव्हा त्यालाही चारच तारा ठेवल्या होत्या. आठ तारीत जोडीतल्या दोन तारा कितीही मिळवा, केसभर फरक राहतोच. साध्या आवाजात तोच गोडवा वाटतो. ड्राइव्ह लावलं की त्या दोघींचं भांडण चव्हाट्यावर येतं.

आता माशीचं. पेडल बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गिटार असते. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला, मँडोलिनची सगळ्यात जाड तार १९६ ला. १९६ म्हणजे गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की जो सूर येतो तो, अगदी तोच. आणि तुमची बारीक तार ६५९, म्हणजे गिटारच्या पहिल्या तारेवर बाराव्या पट्टीला जे वाजतं ते. थोडक्यात, गिटारच्या खालच्या तीन तारा तुमच्याकडे नाहीतच.

हिरवं पेडल म्हणजे बहुतेक ट्यूब स्क्रीमर घराण्यातलं. त्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाटतो आणि त्याच्या आसपास आवाजाला उंचवटा येतो. गिटारला हे वरदान आहे, कारण तिचा खालचा चिखल बाजूला होतो आणि सोलो बँडमधून वर येतो. तुमच्याकडे चिखलच नाही. मँडोलिन आधीच तिथे राहायला आहे, त्यात आणखी उंचवटा दिला की माशी होणारच. पेडलचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही.

म्हणून यादीत नसलेली वस्तू आधी घ्या: ईक्यू, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करायचं पेडल. बॉसचं जीई-७ किंवा तसलंच सात पट्ट्यांचं कुठलंही. त्याच्या पट्ट्या १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झला असतात.

१०० ची पट्टी पार तळाला न्या. गिटारवाल्याला हे परवडत नाही, तुमचं मात्र तिथे काही वाजतच नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती घूं मुख्यतः ५० आणि १०० ला असते. बरीचशी तिथेच मरेल. शेजारच्या जाड तारेला थोडा धक्का बसेल, म्हणून २०० ची पट्टी दोनेक डीबी उचला. मग ३२०० ची चार-पाच डीबी खाली ओढा. गायिकेची सुई तिथे असते.

आणि हे सगळं विकत घेण्याआधी मँडोलिनवरचा टोन नॉब फिरवून बघितलात का? बहुतेक जण तो दहावर ठेवतात आणि विसरतात. प्लेक्ट्रमही जाड घेऊन बघा, दीड मिलिमीटरचा, गोल टोकाचा. शंभर रुपयांच्या आत निम्मी सुई जाते.

---

सुरेल_चिवडा · रविवार, दुपारी १:१५

एवढा खटाटोप कशाला? एक मल्टीइफेक्ट घ्या. त्यात सगळं असतं. विषय संपला.

---

गिरगावचा_बाप्या · रविवार, दुपारी १:२२

चिवडाशेठ, विषय तिथे सुरू होतो. मी घेतलं होतं. शंभर आवाज त्यात आणि शंभरच्या शंभर गिटारचे. पहिला आवाज लावला तर विजेचा खांब कोसळल्यासारखं झालं. शिवाय अंधारात, मांडवात, दोन गाण्यांच्या मधे खाली वाकून त्या इवल्याशा पडद्यावर मेनू शोधायचा. निवेदक म्हणतोय "आणि आता..." आणि मी अजून ४७ नंबरवर.

---

सुरेल_चिवडा · रविवार, दुपारी १:४०

खिक्. पण बाप्या, तुम्ही स्वतःचे चार आवाज घरी बसून तयार करून शेजारी शेजारी ठेवले असते तर? मी तेच केलंय. ड्राइव्ह बंद, ईक्यू चालू, डिले-रिव्हर्ब हवं तितकं. १५,००० त डिले, रिव्हर्ब, ईक्यू, ट्यूनर, हेडफोन सगळं. लोकलने फिरणाऱ्याला एका पिशवीत एक डबा, ही गोष्ट लहान नाही.

---

खरज · रविवार, दुपारी ३:१०

चिवडा यांच्याशी सहमत आहे, एका अटीवर: आयते आवाज पहिल्या दिवशी पुसून टाकायचे. काय हवंय हे कळलेल्याला मल्टीइफेक्ट उत्तम. तुटकी_तार यांना अजून कळायचंय, म्हणून मी सुटी पेडलं म्हणतोय. एका पेडलला एक काम असलं की कान लवकर शिकतो.

---

चौथी_पट्टी · रविवार, संध्याकाळी ७:५०

मी व्हायोलिन वाजवते, तरी या धाग्यावर माझा हक्क आहे. व्हायोलिन आणि मँडोलिन, दोन्हींच्या तारा एकाच सुरांना मिळवतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत मँडोलिनवाले आणि प्यारेलाल व्हायोलिनवाले, हे मला नेहमी गंमतीचं वाटतं. दोन मित्र, दोन वाद्यं, मिळवणी एक.

सूर टिकत नाही म्हणून सगळे कॉम्प्रेसर सांगतील. थोडा लावा, पण तो मेलेल्या सुराला जिवंत करत नाही. मोठा ठोका दाबतो आणि मागची शेपटी उचलून धरतो, आणि शेपटीबरोबर तुमची ती घूंही उचलतो. आधी घूं मारा, मग कॉम्प्रेसर.

मँडोलिनला खरी शेपटी डिले देतो. तोही अ‍ॅनालॉग किंवा अ‍ॅनालॉगसारखा, ज्याची प्रत्येक पुनरावृत्ती आधीच्यापेक्षा मंद, काळपट होत जाते. एमएक्सआरचं कार्बन कॉपी मी मैत्रिणीकडचं वापरून पाहिलंय. लख्ख डिजिटल डिलेमधे प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा तोच ठण्‌ घेऊन येतो आणि ऐकणाऱ्याला दोन मँडोलिनवाले भांडतायत असं वाटतं.

वेळ कशी लावायची? लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर ६०,००० भागिले १००, एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. डिले पाऊण मात्रेवर ठेवा, ४५०. सरळ आठवे (अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर) वाजवत राहिलात तर प्रतिध्वनी तुमच्या सुरांच्या फटीत पडतात आणि चार तारांचं वाद्य एकदम भरलेलं वाटतं. केरव्यात फार छान बसतं. टॅपचं बटण असलेलं मिळालं तर हिशोबही नको, पायाने लय द्यायची.

एकच सावधानता. जुन्या गाण्यांत मँडोलिनची ती थरथर असते ना, एकाच सुरावर वर-खाली भराभर छेडायची, ती घेताना डिले बंद. नाहीतर नुसता उपमा होतो.

---

आलाप_विलाप · रविवार, रात्री ९:३०

बाय डिफॉल्ट सहमत. कोरसबद्दल (एकाच सुराला किंचित हलत्या सुराची जोड देणारं पेडल) कुणी बोललं नाही. आठ तारीला कोरस म्हणजे श्रीखंडावर साखर, जोडतारांमुळे तो उपजतच असतो. चार एकेरी तारांना मात्र हलका कोरस लावला (वेग अगदी मंद, खोली पाव) की लांबून आठ तारीचा भास होतो. जुन्या गाण्यांच्या पीसेससाठी उपयोगी.

अवांतर: सूर टिकवण्याची गोष्ट निघाली की यू. श्रीनिवास आठवतात (१९६९–२०१४). कर्नाटक संगीतातली गमकं मँडोलिनवर निघतील यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी इलेक्ट्रिक घेतलं, तारा एकेरी ठेवल्या आणि सूर एवढा टिकवला की एका आघातात तीन-तीन सुरांवर हेलकावा घ्यायचे. षण्मुखानंदच्या बाल्कनीतून ऐकलंय, अजून अंगावर काटा येतो. ते बोटांत होतं, पायाखाली नव्हतं. (पेडलच्या धाग्यावर हे लिहितोय, मारू नका.)

---

मांडववाला · सोमवार, रात्री १२:४५

आत्ताच कार्यक्रम संपवून आलो. पंचवीस वर्षं साउंड करतो. तुमच्यासारखे कलाकार रोज बघतो, म्हणून दोन कडू गोष्टी.

पहिली, करंट. पेडल ९ व्होल्टचं असतं आणि बहुतेकांत पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. बाजारात मिळणारे बरेच अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे, मधला पॉझिटिव्ह. एका पोराने लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला एलिमिनेटर आणला, न बघता खोचला, साउंडचेकच्या आधीच डिलेचा वास आला. जळक्या रबराचा. अ‍ॅडॅप्टरवर ते गोल-रेघ-गोल चित्र असतं, ते बघायची सवय लावा. मिलिअ‍ॅम्पही बघा. साधं अ‍ॅनालॉग पेडल १०-२० वर भागवतं, डिजिटल डिले ५० च्या पुढे मागतो, काही तर कितीतरी जास्त. डिजिटल आणि अ‍ॅनालॉग एकाच माळेवर लावलेत की बारीक शिट्टी ऐकू येते. वेगवेगळ्या आयसोलेटेड आउटपुटचा पुरवठा घ्या. गंमत म्हणजे लोक १५,००० ची पेडलं घेतात आणि पुरवठ्याला ३०० रुपये काढतात.

दुसरी, घूं. सिंगल कॉइल असेल तर स्टेजवर डिमरच्या लाइट जवळ उभे राहू नका. वाजवण्याआधी जागेवर गोल फिरून बघा, एका कोनात घूं एकदम पडते. तिथे पायाला खूण करून ठेवा. फुकटचा उपाय आहे. आणि तारेला हात लावला की घूं कमी होत असेल तर ते कॉइलचं आणि शिल्डिंगचं नेहमीचं दुखणं आहे. पण हात लावूनही काडीचा फरक पडत नसेल तर ब्रिजची अर्थिंगची वायर सुटली असेल, उघडून बघा. जुन्या वाद्यात सुटतेच.

---

तुटकी_तार · सोमवार, रात्री १०:१५

@मांडववाला, दंडवत घ्या. संध्याकाळी उघडलं. ब्रिजखालची वायर सुटून नुसती टेकून होती! आमच्या चाळीत खाली टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी पाच मिनिटांत डाग मारून दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले "एक धून वाजव." सोल्डरचा धूर, समोर उघडा मिक्सर, आणि मी विनाअ‍ॅम्प टुंगटुंग करतोय. घूं अर्ध्यावर आली.

@खरज, टोन नॉब दहावरच होता. विकत घेतल्यापासून. आता सहावर आहे. लाज वाटतेय.

आठ तारीच्या पिझोबद्दलही सांगाल का? तो थेट पेडलमधे घातला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो.

---

खरज · मंगळवार, सकाळी ८:००

लाज कसली, मी तीन वर्षं दहावर वाजवलंय.

पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक चिमुकला कपॅसिटर. तो ज्या पेडलमधे जाईल त्याच्या इनपुटचा रोध कमी असेल तर खालचे सूर गळतात. पिझोची धारकता १ नॅनोफॅरड धरा. इनपुट १ मेगओमचं असेल तर गळती १५९ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे तुमच्या जाड तारेच्या जरा खाली, निभावतं. अर्ध्या मेगओमचं असेल तर हाच आकडा ३१८ वर जातो आणि तुमच्या खालच्या दोन्ही तारा (१९६ आणि २९४) मोकळ्या वाजवल्यात तरी गळक्या हद्दीत येतात. पत्र्याचा डबा तो हाच. जुन्या धर्तीच्या फझ पेडलांचं इनपुट तर आणखी कमी असतं, पिझो तिथे नेऊच नका.

उपाय: पिझो आणि पेडल यांच्या मधे प्रीअँप, म्हणजे पिझोचा आवाज न गळता पुढे देणारा डबा. एलआर बॅग्जच्या पॅरा डीआयचं इनपुट १० मेगओम आहे, पण ते तुमच्या बजेटबाहेर जाईल. एफईटी जातीच्या ट्रान्झिस्टरचा साधा बफर, म्हणजे तेच काम करणारं छोटं सर्किट, कुणीही पोरगा झिरो बोर्डवर बनवून देईल. पण गणपतीपर्यंत आठ तारी घरीच राहू द्या. पोकळ वाद्य आणि मांडवातले मॉनिटर यांचं पटत नाही, शिट्ट्या मारत बसाल.

---

लालबागकर · मंगळवार, दुपारी २:३०

उशिरा आलो. आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. त्या बेंजोला गिटारवाले बेंजो समजत नाहीत, तो आपला टाइपरायटरसारख्या बटणांचा बुलबुल तरंग, पिकअप लावलेला. माझा चुलत भाऊ वाजवतो. त्याच्याकडे एकच पेडल आहे, डिले. तोही मिरवणुकीत बंद करतो. मी विचारलं का, तर म्हणाला, "दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगी फुकटात देतात की."

तेव्हा मालक, कार्यक्रम कुठे आहे ते बघून डिले लावा. बंद हॉलमधे निम्मा, मोकळ्या मैदानात पूर्ण, चाळीच्या चौकात अजिबात नाही.

---

चौथी_पट्टी · मंगळवार, दुपारी ३:०५

लालबागकर, हे वाचून हसले आणि मग वहीत लिहून ठेवलं.

---

गिरगावचा_बाप्या · मंगळवार, रात्री १०:००

ऑक्टेव्ह राहिलं. चार तारीची खरी मजा तिथे आहे. एक सप्तक खालचा सूर जोडला की तुमची ६५९ ची तार ३३० ला उतरते, म्हणजे गिटारची पहिली तार मोकळी. १९६ ची जाड तार ९८ वर. थोडक्यात, त्या गेलेल्या तारांपैकी बराच भाग परत मिळतो. एका वेळी एकच सूर घेणार असाल तर साधं ऑक्टेव्ह चालेल, दोन तारा एकत्र छेडणार असाल तर पॉलिफोनिक हवं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग किंवा बॉसच्या ओसी-५ मधला पॉली मोड. साध्यात दोन सूर घातलेत की ते घशात काहीतरी अडकल्यासारखं ओकतं. आणि ते साखळीत अगदी पुढे ठेवा, ड्राइव्ह-डिलेच्या आधी, म्हणजे त्याला स्वच्छ सूर मिळेल.

---

खरज · मंगळवार, रात्री १०:२०

+१. आणि ड्राइव्ह हवंच असेल तर ऑक्टेव्हनंतर रॅट नावाचं पेडल ऐकून बघा. त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की वरचा भाग कापला जातो. मँडोलिनला तेच हवंय. दुकानात जाताना स्वतःचं वाद्य न्या. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत गिटार हातात देतील, नको म्हणा.

---

तुटकी_तार · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १:१०

पहिला कार्यक्रम करून आत्ता घरी आलो. झोप येत नाही म्हणून लिहितोय.

शेवटी घेतलं ते असं: सात पट्ट्यांचा ईक्यू (जुना, एका गिटारवाल्याकडून), टॅपवाला काळपट डिले (नवा) आणि आयसोलेटेड पुरवठा. कॉम्प्रेसर, वाह, रिव्हर्ब काही नाही. रिव्हर्ब मिक्सरवाल्याने दिला. माळ्यावरच्या जुन्या शेल्फची फळी कापून तिच्यावर वेल्क्रोने सगळं चिकटवलं, ऑफिसच्या सॅकमधे लॅपटॉपच्या जागी बसते. पावसाने जॅक खरखरत होते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात.

साउंडचेकला जागेवर गोल फिरलो. आयोजकांना वाटलं काही विधी आहे. घूं पडली तिथे खडूने फुली मारली.

एक फजिती सांगतो. दुसऱ्याच गाण्यात थरथरीचा पीस होता, डिले बंद करायचा राहिला. चौथी_पट्टी, तुमचा उपमा झाला. अगदी मऊ, गिचका. बासवाला माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. तिसऱ्यापासून डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी तेच पेडल ठेवलं आणि बूट काढून वाजवलं.

केरव्याच्या गाण्याला पाऊण मात्रा लावली होती. सोलो संपला तेव्हा गायिका माइकमधेच म्हणाली, "हे कुठून आणलंस?" सुईबद्दल चकार शब्द नाही.

पुढचा कार्यक्रम अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, चाळीच्या चौकात. लालबागकर, डिले घरी ठेवू का?

आणि हिरवं ओव्हरड्राइव्ह विकायचंय. पेटी-पावती आहे, फार तर दहा वेळा वापरलं असेल. आलेल्या पैशांत ऑक्टेव्ह बघतोय.

---

लालबागकर · रविवार, सकाळी १०:४०

घेऊन जा, पण एकदाच वाजवा, आणि पुनरावृत्ती एकच ठेवा. चौक किती रुंद आहे?

---

कढीपत्ता · रविवार, सकाळी ११:०२

हिरवं पेडल लेकाच्या गिटारला चालेल ना? व्यक्तिगत निरोप धाडलाय.